तोर्तियावर फुली

निळ्या प्लॅस्टिकची चकती त्याच्यासमोर धरून मी विचारलं, "हा कुठला आकार?"

"तोर्तिया," तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं. त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. एवढी मोठी बाई, आणि हिला तोर्तिया माहीत नाही! मग मला कमी ऐकू येत असावं असं ठरवून त्याने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "तोर... ति... या, मिस."

माझ्या हातातल्या तक्त्यात दोनच रकाने होते, 'ओळखतो' आणि 'ओळखत नाही'. 'सर्कल' म्हणाला तर पहिल्यात खूण. स्पॅनिशमध्ये 'सिर्कुलो' म्हणाला तरी चालेल, एवढं मन तक्त्याने मोठं केलं होतं. तोर्तियाची, म्हणजे त्यांच्याकडच्या पातळ गोल पोळीची, सोय मात्र कुठेच नव्हती. मी दुसऱ्या रकान्यात फुली मारली आणि पिवळा त्रिकोण उचलला. कोणी दटावलं नव्हतं, कोणी मागे उभं नव्हतं. फुली माझ्याच हातची. आज लिहायला बसले आहे ती तिच्यापायी.

हे शिकागोमधलं. शहराच्या नैर्ऋत्येला लिटल व्हिलेज म्हणून वस्ती आहे, तिथले लोक तिला ला विय्यिता म्हणतात. 26व्या रस्त्यावर कौलारू माथ्याची कमान लागते, तिच्यावर 'बिएनवेनिदोस' लिहिलेलं, म्हणजे या, बसा. कमानीच्या आत शिरलं की इंग्रजीवाचून कोणाचं अडत नाही. मक्याच्या कणसावर मेयोनेज, चीज आणि तिखट चोपडून देणाऱ्या हातगाड्या, कापलेल्या आंब्यावर लिंबू पिळून मिरचीपूड भुरभुरणाऱ्या बाया (शाळेच्या फाटकाबाहेरचा पेरूवाला आठवतो की नाही, सांगा), पंधराव्या वाढदिवसाच्या मुलींसाठी घेरदार झगे लावलेली काचेची दुकानं. मी मूळची बार्शीची. लग्नानंतर एच-फोर या नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर इकडे आले, काही वर्षं घरातल्या भिंतींशी बोलले, आणि कामाची परवानगी हातात पडली तशी इथल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. वर्गात सतरा मुलं, वय तीन ते पाच. त्यातल्या या तोर्तियावाल्याला घरी सगळे 'गोर्दो' म्हणतात. अर्थ जाड्या, पण हाक लाडाची, आपल्याकडच्या गोट्या-बंड्यासारखी. मीही इथे त्याला तेच म्हणते.

त्याच आठवड्यात दिवाळीचं सामान काढलं होतं. नारळाच्या वड्या पहिल्यांदाच एकटीने करत होते, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावून फोन मिक्सरला टेकवून ठेवला होता. सारण थापून झालं. सुरी हातात घेऊन विचारलं, कशा कापू?

"शंकरपाळ्यासारख्या काप की गं," आई म्हणाली.

मी कापल्या. दोन-तीन ओळी झाल्यावर सुरी थांबली. आई 'समभुज चौकोनाच्या आकारात काप' म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर मलाच घटकाभर विचार करावा लागला असता. मग एकामागून एक आठवायला लागलं. पत्त्यांतला बदाम. हृदयाचा आकार म्हणजे आपल्याला बदाम, बदामी पाकीट, बदामी गळा. पत्त्यांतलीच चौकट, ती मुळात दाराची. कुंकू चंद्रकोरीचं. अंडाकृती हा शब्द तर सरळसरळ अंडं हातात घेऊन उभा आहे. लंबवर्तुळ पाठ्यपुस्तकातून आलं आणि तिथेच राहिलं. माझी आई बदाम म्हणते, चंद्रकोर म्हणते, शंकरपाळं म्हणते, आणि तिच्या नावापुढे आजवर कोणी फुली मारलेली नाही.

नंतर असंही कळलं की ज्या शब्दांना आपण शास्त्राचे म्हणतो त्यांचं कुळही तेच. चकलीच्या सोऱ्यात पीठ भरता भरता वाचलेली ही माहिती: ग्रीकमध्ये रॉम्बोस म्हणजे दोरीला बांधून गरगर फिरवायचं एक खेळणं-वाद्य, त्याच्यावरून ऱ्हॉम्बस आणि स्पॅनिश रोम्बो. ट्रॅपिझियम म्हणजे मूळचं छोटं टेबल. म्हणजे कोणी एके काळी चार बाजूंच्या आकृतीकडे बोट दाखवून 'टेबल' म्हणालं, आणि त्या माणसाच्या तक्त्यात बहुधा बरोबरची खूण झाली. गोर्दो दोन-अडीच हजार वर्षं उशिरा आला, एवढाच त्याचा दोष.

पुढच्या सोमवारी सकाळच्या गोल बैठकीत (बघा, इथेही गोल) मी तीच निळी चकती मधोमध ठेवली आणि प्रश्न बदलला. "हे तुमच्या घरी कुठे असतं?"

तोर्तिया, अर्थातच, पाच-सहा आवाजांत. मग व्हेनेझुएलाहून नुकतीच आलेली एक मुलगी, जी तोवर वर्गात चकार शब्द काढत नव्हती, ती म्हणाली, "आरेपा." तोर्तियावाल्यांनी वळून पाहिलं. आरेपासुद्धा मक्याचीच, पण जाड, हातात धरून मधून चिरायची आणि आत चीज, घेवडा, मांस काय हवं ते भरायचं. एल साल्वाडोरच्या घरातला मुलगा म्हणाला, पुपूसा. ती तर भरल्या पराठ्याची मावशीच: गोळ्यात घेवडा किंवा चीज भरून हातावर थापलेली. एकाचे आजोबा पोर्तो रिकोचे, त्याच्याकडे तोस्तोनेस होतात. कच्ची केळी जाड चकत्या करून तळायची, चेपायची आणि पुन्हा तळायची. चेपलेल्याचा आकार गोल म्हणावा तर गोल. आणि सगळ्यात शेवटी मी मनातल्या मनात म्हणाले, भाकरी.

लॅटिनो म्हटलं की एक मोठी टोपी, एक निवडुंग आणि एक गिटार असं चित्र भिंतीवर चिकटवून मोकळं होणारी बरीच पोस्टरं इथल्या शाळांतून दिसतात. मला त्यांचा राग येतो. आपल्याकडे 'मद्रासी' म्हणून पाच राज्यं एका झटक्यात गुंडाळतात, तशातला प्रकार. बरं, तोर्तिया या एका शब्दाची तरी कुठे खात्री? स्पेनमध्ये तोर्तिया मागितलीत तर बटाटे घातलेलं जाडजूड ऑम्लेट येईल. मेक्सिकोच्या उत्तरेत तोर्तिया गव्हाची, पातळ आणि ऐसपैस. मध्य आणि दक्षिणेत मक्याची, तळहातापेक्षा थोडी मोठी. या सगळ्यांतून जो गोल शिल्लक राहतो तो निळ्या प्लॅस्टिकचा, आणि तोच तेवढा कोणाच्या घरी नसतो.

गोर्दोची आजी शाळेत आली ती फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. पालकांनी येऊन काहीतरी करून दाखवावं असा आमचा एक दिवस असतो. कोणी केस विंचरून दाखवतं, कोणी हातोडी-खिळे आणतं. आजीने खांद्यावरच्या कापडी पिशवीतून लाकडी दाबयंत्र काढलं, बाजारातल्या पिशवीचे कापलेले दोन प्लॅस्टिकचे तुकडे काढले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा काढला. "मासा," ती म्हणाली. मी दचकले. मासा म्हणजे मळलेलं पीठ, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण एखादी बाई फडकं सोडताना 'मासा' म्हणाली की मराठी नाक आपोआप फुलतं.

वास मात्र वेगळाच आला. भिंतीला नुकती सफेदी केल्यावर येतो ना, त्याच्या जवळचा. चुना! मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, मग चोळून धुऊन दाण्याची साल काढायची आणि ओलाच दळायचा. त्या शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. शब्द मेक्सिकोतल्या नाउआत्ल भाषेतला, स्पॅनिश लोक येण्याआधीचा. चुन्यामुळे पीठ एकमेकांना धरून राहतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही. तिथे केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पुढे पेलाग्रा झाला, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग. आमच्याकडे मक्याची भाकरी थापताना का तुटते, याचं उत्तर मला शिकागोत एका आजीच्या फडक्यात मिळालं. आपण चुना पानाला लावला, पिठाला लावायचं सुचलं नाही.

आजीने लिंबाएवढा गोळा वळला. "ही काय आहे?" तिने मुलांना विचारलं, स्पॅनिशमध्ये. "बोला!" सगळे ओरडले. बोला म्हणजे चेंडू. गोळा दाबयंत्राच्या चौकोनी फळीवर, दोन प्लॅस्टिकांच्या मध्ये. दांडी खाली. फळी उघडून तिने प्लॅस्टिकसकट पाव फेरा फिरवलं आणि पुन्हा हलकेच दाबलं, कारण एका दाबात बिजागरीच्या बाजूची कड जाड राहते. प्लॅस्टिक सोललं. तिच्या हातावर ती पडली होती, पातळ, ओलसर, कडेला किंचित दातेरी.

"आता?"

मुलं गप्प. चेंडू होता, तो कुठे गेला?

एवढ्या एका क्षणासाठी मी आजीला आयुष्यभराची फी द्यायला तयार आहे. कारण आमच्या वर्गातल्या तक्त्यावर 'गोल वस्तू' या मथळ्याखाली तोर्तिया, सूर्य, ढोल आणि संत्रं एकाच रांगेत चिकटवलेले होते. मराठीतही आपण तेच करतो. पृथ्वी गोल, बांगडी गोल, लाडू गोल, ताट गोल, बोलणंही गोलगोल. चेंडू आणि चकती यांच्यात काय फरक आहे हे आपला 'गोल' सांगत नाही, त्यांचा 'रेदोंदो'ही सांगत नाही. गोळ्यावरची ती फळी दाबली गेली तेव्हा सतरा मुलांनी तो फरक डोळ्यांनी पाहिला. तेवढंच पीठ, पण आता ते घरंगळत नाही. गोर्दोने हळूच बोटाने ढकलूनही बघितलं.

मग आजीने मला बोलावलं. "बेन, मिहा," ये गं पोरी. कदाचित माझे हात कशासाठी तरी वळवळत असलेले तिला दिसले असतील. मी दाबयंत्र बाजूला सारलं आणि हातावर थापायला घेतलं, भाकरीसारखं. ती हसली, तिची आई असंच करायची म्हणाली. पण माझ्या कडा फाटायला लागल्या. ज्वारीच्या पिठाला जी ओल पुरते ती इथे पुरत नव्हती. आजीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ले फाल्ता आग्वा." पाणी कमी पडलंय. माझी आजी परातीवर वाकून नेमकं हेच म्हणायची, शब्दाला शब्द. हात ओला करून पुन्हा घेतली. झाली ती काही गोल झाली नाही. एका बाजूला गुजरात बाहेर आल्यासारखी आणि खाली केरळ निमुळतं. आमच्या घरी अशा पोळीला 'नकाशा' म्हणायची पद्धत आहे. मुलांना ती ढग वाटली, कासव वाटली, आणि व्हेनेझुएलाच्या मुलीला 'मिसची आरेपा'.

विजेच्या तव्यावर आजीची तोर्तिया फुगली. टम्म. मेक्सिकोत म्हणतात, तोर्तिया फुगली की मुलगी लग्नाला तयार. आजीने तसं म्हटलं आणि माझ्या मंगळसूत्राकडे बघून डोळा मारला. बायकांना गोलाईवरून जोखण्याचं हे काम पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित चालू आहे. त्यांच्याकडे तान्ह्या बाळाचे तळवे एकमेकांवर थापत म्हणायचं एक बडबडगीत आहे; त्याच्या एका पाठात छान छान तोर्तिया बाबाला आणि करपलेल्या आईला जातात. टाळी वाजवायला शिकतानाच हेही शिकून होतं. असो.

खरी मजा त्यानंतरची. आजीने एक तोर्तिया मधोमध दुमडली: अर्धचंद्र, मेदिया लूना. पुन्हा दुमडली: पाव. दुसरी गुंडाळली: नळी. तिसरीचे सुरीने सहा तुकडे केले आणि तळायला टाकले, तोतोपोस. एक वस्तू आणि पाच मिनिटांत पाच आकार. प्लॅस्टिकच्या डब्यातला निळा गोल जन्मभर गोलच राहतो, त्याला दुसरं काही जमत नाही.

"हा त्रिकोण," मी तोतोपो उचलून म्हणाले. आमच्या शिक्षिकेच्या वहीतही तसंच लिहिलेलं होतं: त्रिकोण, उदाहरण तोतोपो.

गोर्दोने तुकडा हातात घेतला. एका कडेवरून बोट नेलं, दुसऱ्या कडेवरून नेलं, तिसऱ्या कडेवर थांबलं. "याला पांसा आहे," तो म्हणाला. पांसा म्हणजे पोट.

होतंच. गोलाचा तुकडा होता तो. दोन कडा सरळ आणि तिसरी बाहेर आलेली. टोकं तीन, पण त्रिकोण नाही. मी इंजिनिअरिंग शिकलेली बाई, वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ पाठ असलेली, आणि माझ्या हातात वर्तुळपाकळी असताना मी तिला त्रिकोण म्हणत होते, कारण वहीत तसं होतं. गोर्दोला वर्तुळपाकळी हा शब्द माहीत नाही. त्याला पोट माहीत आहे.

नेदरलँड्समध्ये पिएर आणि दीना व्हॅन हिले हे शिक्षक जोडपं होतं. 1957 मध्ये दोघांनी मुलांच्या भूमितीतल्या समजुतीवर प्रबंध लिहिले. त्यांच्या मांडणीत पहिली पायरी म्हणजे मूल आकार अखंड, रूपावरून ओळखतं. दार आहे म्हणून आयत, असं. बाजू किती, कोन केवढे, हे गुण सुटे करून बघणं ही पुढची पायरी. वाचलं तेव्हा मला पटलं आणि थोडं खुपलंही. पटलं, कारण 'तोर्तिया' हे अगदी त्या पहिल्या पायरीवरचं उत्तर. खुपलं, कारण पहिल्या पायरीवर उभं असलेल्या मुलाला मी 'जिना चढत नाही' असा शेरा दिला होता. आणि पोट? ती दुसरी पायरी होती. ती त्याने त्याच वस्तूच्या आधाराने चढली, माझ्या नाही.

अर्थात वस्तू दगाही देतात. वस्तूंच्या प्रेमात पडलेल्या शिक्षिका हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. मेक्सिकोतल्या विशारिका लोकांत दोन काड्यांचा क्रूस करून त्याभोवती रंगीत लोकर गुंडाळायची रीत आहे. मुलाच्या जन्मानंतर वडील मधला डोळा विणतात आणि पाच वर्षांचं होईपर्यंत दर वर्षी एकेक वाढवतात. स्पॅनिशमध्ये 'ओहो दे दिओस', देवाचा डोळा. आमच्या वर्गात त्याची आइसक्रीमच्या काड्यांची आवृत्ती होते. झाल्यावर मी एक आडवा धरला. "कुआद्रादो," चौकोन. तोच टोकावर उभा केला. "रोम्बो." पुन्हा आडवा. "कुआद्रादो." पुन्हा उभा. "रोम्बो, मिस!" आता आवाजात वैताग. फिरवल्याने आकार बदलत नाही हे त्यांना कोणत्याच तोर्तियाने शिकवलेलं नव्हतं, कारण तोर्तिया कशीही फिरवा, तशीच दिसते.

तिथे पतंगाने काम केलं. वसंतात आम्ही पतंग बनवला, दोन काड्या आणि पातळ कागद. जमिनीवर ठेवला की चौकोन, दोरीला लटकला की रोम्बो, आणि वाऱ्यावर हेलकावला की दोन्हीच्या मधलं काहीतरी. तो तोच पतंग आहे याबद्दल मात्र कोणाला शंका नव्हती. मेक्सिकोत पतंगाला 'पापालोते' म्हणतात, आणि तो शब्द नाउआत्लमधल्या 'पापालोत्ल'वरून आलेला आहे. अर्थ, फुलपाखरू. हे कळलं तेव्हा मी वर्गातच मोठ्याने हसले. आपल्याकडेही पतंग म्हणजे दोरीचा तो आणि दिव्यावर झेपावणाराही तोच. दोन लोक, एकमेकांना कधी न भेटलेले, आभाळातल्या कागदाकडे बघून जवळपास एकाच किड्याची आठवण काढतात. यावर कोणत्या रकान्यात खूण करायची?

बेकरीची फेरी थोडक्यात सांगते, कारण तिथे मुलांपेक्षा मीच जास्त खाल्लं. मोठं गोल ताट आणि चिमटा घ्यायचा, कपाटांतून हवे ते गोड पाव उचलायचे, काउंटरवर न्यायचे. पावाला त्यांच्याकडे 'पान' म्हणतात, म्हणजे आपल्या पावाचा चुलतभाऊ. वरती साखरेच्या लेपावर शिंपल्याच्या रेघा ओढलेला तो कोन्चा, शिंपला. दोन वळ्या एकमेकींकडे वळलेल्या ती ओरेहा, कान. मग शिंग आहे, बैलाचा डोळा आहे, आणि गुळाच्या वासाचा चपटा मारानीतो, म्हणजे डुकराचं पिल्लू. तो गूळही मजेशीर. आपली ढेप असते, त्यांचा पिलोन्सियो टोक छाटलेल्या शंकूसारखा. थोडक्यात काय, अख्खं दुकान 'हे कशासारखं दिसतं' या एका प्रश्नावर चाललेलं. तिथल्या कोणाही भटारखान्यातल्या माणसाला तोर्तिया हे उत्तर चूक वाटलं नसतं.

पावसाळी दिवसांत लोतेरिया खेळतो. आपली हौजीच, फक्त आकड्यांऐवजी चित्रं. 54 पत्ते, प्रत्येकाच्या पुढ्यात चार बाय चारची पाटी म्हणजे 16 घरं, आणि खुणेला घेवड्याचे दाणे. सगळ्यांच्या घरी असलेली ती चित्रं 'डॉन क्लेमेंते' छापाची, 1887 पासूनची: सूर्य, चंद्रकोर, तारा, हृदय, ढोल, घंटा, शिडी. वर्गात आम्ही दारुड्या आणि मृत्यू हे पत्ते काढून ठेवतो. पालक त्याला हसतात. त्यांच्याकडे तीन वर्षांची पोरंही मृत्यूवर दाणा ठेवून जिंकलेली असतात. आडवी ओळ, उभी ओळ, तिरकी, चार कोपरे, मधला चौकोन, यांतलं जे ठरेल त्यावर जीत. कोपरा म्हणजे काय, हे शिकवायला मला आजवर याहून बरं काही सापडलेलं नाही. कोपऱ्यावर दाणा असेल तर बक्षीस मिळतं, मग कोपरा बरोबर दिसतो.

आणि पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून टांगलेली कागदी आकृती. नाताळच्या आधीच्या नऊ रात्री, 16 ते 24 डिसेंबर, पोसादा नावाचे उत्सव असतात; तेव्हाची पारंपरिक पिन्याता सात टोकांची, टोकं म्हणजे सात महापापं. डोळे बांधून काठीने फोडायची. गोविंदा आला रे म्हणायला माझी जीभ शिवशिवते, कारण जुन्या पिन्यातेच्या पोटात मातीचं मडकंच असायचं. मुलांना विचारलं, आकार कुठला? "एस्त्रेया!" तारा. मग म्हटलं, काढा. गोर्दोने आधी एक गोल काढला आणि त्याच्याभोवती सात-आठ त्रिकोण चिकटवले. मडकं आणि शंकू. एका रेषेत सलग काढलेला पाच टोकांचा तारा, जो मी लहानपणापासून पेन न उचलता काढते, तो त्याने काढला नाही. त्याने पिन्याता कशी बनते ते काढलं. त्याचे मामा बनवतात, हे मला नंतर कळलं.

घरात असलेलं शाळेला कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. 1992 मध्ये शिक्षणाचे अभ्यासक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉनमधल्या कामावर एक लेख लिहिला. तिथले शिक्षक मेक्सिकन कुटुंबांच्या घरी गेले होते, शिकवायला नव्हे, शिकायला: शेती, बांधकाम, दुरुस्ती, झाडपाल्याची औषधं असं कोणकोणतं ज्ञान त्या घरांत आहे ते. वाचताना मला डहाणूकडचा कोसबाड आठवला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. खेळण्यांना पैसे नव्हते, तेव्हा बिया, पानं, शिंपले, खडे हेच साहित्य झालं. आणि मुलं कोणाची, तर वारल्यांची, ज्यांच्या भिंतीवर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो, सूर्य-चंद्र वर्तुळं होतात आणि लग्नाच्या चित्रात देवाचा चौक. त्या पोरांना त्रिकोण कोण शिकवणार होतं? बी.एड.ला कोसबाड हे नाव चार मार्कांच्या टीपेपुरतं होतं, असं माझी एक मैत्रीण सांगते.

मे महिन्यात वर्ष संपताना तोच तक्ता पुन्हा आला. तेच दोन रकाने. मी शिक्षिकेला विचारलं, समासात काही लिहिलं तर चालेल का. चालेल, पण वरती फक्त रकाने जातात, म्हणाली. तिचाही इलाज नव्हता.

गोर्दो खुर्चीवर बसला, पाय आता जमिनीला टेकत होते. मी निळी चकती त्याच्या हातात दिली.

"सिर्कुलो," तो म्हणाला. सरावाने, न बघता.

मी पहिल्या रकान्यात खूण केली. तारीख लिहायला मान खाली घातली होती तेवढ्यात त्याने चकती टेबलावर ठेवली, बोटांच्या टोकांनी कड उचलून झपकन उलटी केली आणि मग बोटांवर फुंकर घातली.